कृती, स्थान आणि दंड : फुटबॉलच्या पंचाने करावयाचा अभ्यास

आपल्या निवासी शाळेच्या मैदानावर दर हिवाळ्यात वसतिगृहाच्या गटांचे फुटबॉल सामने होतात आणि त्यांत शिट्टी नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांच्याच हाती असते, हे माजी विद्यार्थ्यांना सांगावयास नको. या विद्यार्थी-पंचांना नियम शिकविण्याचे काम क्रीडाशिक्षकांच्या जोडीने आमच्याकडे, म्हणजे इतिहासाच्या शिक्षकाकडे, कसे आले, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही. त्याचे कारण गौरवाचे नाही. परंतु या लेखाचा विषय त्या कारणाशीच जोडलेला असल्याने प्रारंभी ते सांगणे प्राप्त आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी दोन शाळांचा सामना होता. दोन्ही शाळा परक्या. नेमलेले पंच ऐनवेळी आले नाहीत आणि नियमांचे थोडेफार वाचन असलेला तटस्थ शिक्षक म्हणून संयोजकांनी शिट्टी आमच्या हाती दिली. सामना गोलशून्य चालला होता. उत्तरार्धात चेंडू उजव्या कोपऱ्यातील झेंड्यापाशी असताना, पेनल्टी क्षेत्राच्या दुसऱ्या टोकाला एका बचावपटूने समोरच्या आश्रमशाळेच्या मुलाचा सदरा मागून धरला आणि त्याला खाली पाडले. हे आम्ही पाहिले. पण चेंडू तेथून बराच दूर होता, कोणी ओरडले नाही, तो मुलगाही माती झटकून मुकाट्याने उठला. चेंडूच तिकडे नाही तर पेनल्टी कसली, असे मनाशी म्हणून आम्ही खेळ चालू दिला. शेवटच्या काही मिनिटांत दुसऱ्या गोलासमोर चेंडू आश्रमशाळेच्या बचावपटूच्या मांडीवर आपटून उसळला आणि अंगालगत असलेल्या त्याच्या हाताला लागला. मैदानाभोवती जमलेल्या लोकांनी एकच गिल्ला केला आणि आम्ही पेनल्टी दिली. गोल झाला, सामना संपला.

हस्तांदोलनाच्या वेळी तो पाडला गेलेला मुलगा आमच्यासमोर थांबला. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, खरोखरीची शंका होती. "सर, बॉल तिकडं होता म्हणून मला पाडलेलं चालतं का?"

त्या रात्री आम्ही नियमपुस्तिका उघडली. उत्तर तेथे एका वाक्यात होते. चेंडू खेळात असताना बचाव करणाऱ्या खेळाडूने स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात थेट फ्री किकच्या दंडास पात्र असा अपराध केला, तर पेनल्टी किक द्यावयाची. त्या क्षणी चेंडू मैदानात कोठे होता, याचा त्या निर्णयाशी काहीही संबंध नाही. एका सामन्यात आम्ही दोन चुका केल्या होत्या आणि दोन्ही एकाच जातीच्या होत्या. जेथे आवाज उठला नाही तेथे आम्ही दंड दिला नाही आणि जेथे आवाज उठला तेथे अपराध नसताना दिला.

इतिहासाच्या अभ्यासकाला कोणताही नियम वाचताना तो कोणाच्या गरजेतून आला, हे विचारण्याची खोड असते. फुटबॉलच्या दंडनियमांना हा प्रश्न विचारला तर मोठे उद्बोधक उत्तर मिळते. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनने पहिली नियमावली केली, तेव्हा तिच्यात पंचाचा उल्लेखच नव्हता. हा खेळ इंग्लंडच्या खासगी शाळांतून आणि विद्यापीठांतून आलेल्या गृहस्थांचा होता आणि गृहस्थ बुद्ध्या नियम मोडीत नाही, असे गृहीत होते. तंटा झालाच तर दोन्ही कर्णधारांनी मिटवावा. पुढे प्रत्येक संघाकडून एक असे दोन अम्पायर आले. पण खेळाडूने दाद मागितल्याशिवाय ते निर्णय देत नसत, क्रिकेटमध्ये आजही अपिलाशिवाय फलंदाज बाद दिला जात नाही, तसेच. दोघांचे एकमत झाले नाही तर मैदानाबाहेर बसलेल्या तिसऱ्या माणसाला विचारावयाचे. तो तिसरा माणूस म्हणजे आजच्या पंचाचा पूर्वज.

ही व्यवस्था समान प्रतिष्ठेच्या माणसांत कदाचित चालत असेल. परंतु गिरण्या-कारखान्यांतील कामगार खेळू लागले, सामन्यांना तिकिटे लागली, हारजितीवर पैसा अवलंबून राहू लागला, तेव्हा तिच्यातील भोक सर्वांना दिसले. १८९१ च्या फेब्रुवारीत एफए कप स्पर्धेत नॉट्स काउंटी आणि स्टोक यांच्या सामन्यात अखेरच्या मिनिटांत नॉट्सच्या बचावपटूने गोलात जाणारा चेंडू हाताने अडविला. दंड म्हणून गोलरेषेच्या अगदी जवळून फ्री किक मिळाली. पण नियमात तेव्हा पेनल्टी नव्हती, म्हणून सगळा बचाव चेंडूसमोर भिंतीसारखा उभा राहिला आणि किक वाया गेली. नॉट्सने सामना १-० ने जिंकला. अपराध उघड होता, दंडही दिला गेला होता, तरी लाभ अपराध्याच्याच पदरी पडला.

या दोषावरचा उपाय आयर्लंडमधून आला. आर्माघ परगण्यातील मिलफर्ड गावच्या संघाचा विल्यम मॅकक्रम याने पेनल्टी किकची कल्पना मांडली आणि आयरिश फुटबॉल असोसिएशनचा जॅक रीड याने ती आंतरराष्ट्रीय नियम मंडळापुढे नेली. मॅकक्रम स्वतः गोलरक्षक होता, म्हणजे ज्याच्या अंगावर हा दंड कोसळणार त्यानेच तो सुचविला, ही गोष्ट आम्हाला नेहमी विशेष वाटते. विरोध पुष्कळ झाला. गृहस्थ हेतुपुरस्सर पाय घालतो असे नियमातच लिहिणे हा गृहस्थांचा अपमान आहे, असे विरोधकांचे म्हणणे होते. तरीही २ जून १८९१ रोजी ग्लासगो येथील बैठकीत नियम संमत झाला. याच साली मैदानात उभा राहणारा पंच आला आणि पूर्वीचे अम्पायर रेषापंच झाले. दाद मागितल्यावरच निर्णय देण्याची अटही त्या दशकातच गळून पडली. आपल्याकडे मुंबईत रोव्हर्स कप स्पर्धा सुरू झाली तेही १८९१ सालच, हा योगायोग जाता जाता नोंदवावासा वाटतो.

अपिलाची अट गळून पडली, हा आमच्या मते या इतिहासातील सर्वांत मोठा बदल आहे, पेनल्टीहूनही मोठा. दाद मागावयास धीटपणा लागतो, भाषा लागते, आपले ऐकले जाईल असा अनुभव लागतो. तो ज्याच्याजवळ नाही त्याच्यावर झालेला अपराध अपिलाच्या व्यवस्थेत अपराधच ठरत नाही. आज पंचाला पाहावयाचे असते, ऐकावयाचे नसते. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे सामने ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे बोलणे सोपे आणि करणे किती अवघड आहे ते समजेल.

आता प्रत्यक्ष नियमांकडे वळू. शिट्टी वाजविताना पंचाच्या मनात प्रश्नांचा क्रम पक्का असला पाहिजे. चेंडू खेळात होता काय? घडले ते काय? ते कोठे घडले? खेळ पुन्हा कसा सुरू होईल? आणि खेळाडूला वैयक्तिक शिक्षा काय? आमचे विद्यार्थी घाईघाईने शेवटच्या प्रश्नापासून आरंभ करतात, कारण कार्ड खिशातून काढण्याची हौस मोठी असते. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात मिसळले की निर्णय चुकतो. चेंडू खेळाबाहेर गेल्यावर एकाने दुसऱ्याला ढकलले तर कार्ड दाखविता येते, पण फ्री किक वा पेनल्टी देता येत नाही. खेळ जसा सुरू व्हावयाचा होता तसाच सुरू होतो.

घडले ते काय, हे बाराव्या नियमावरून ठरते. धक्का देणे, अंगावर उडी घेणे, लाथ मारणे, ढकलणे, ठोसा मारणे, चेंडू काढून घेताना पायावर जाणे, पाय घालून पाडणे, या कृतींना थेट फ्री किकचा दंड आहे. लाथ वा ठोसा बसलाच पाहिजे असे नाही, प्रयत्नही पुरे. परंतु या साऱ्यांत एक अट आहे. ती कृती निष्काळजी, बेफिकीर किंवा अतिरिक्त बळाची असली पाहिजे. निष्काळजी म्हणजे पुरेसे लक्ष दिले नाही. तेथे किक मिळते, कार्ड नाही. बेफिकीर म्हणजे प्रतिस्पर्ध्याला इजा होईल याची पर्वाच केली नाही. किक आणि पिवळे कार्ड. अतिरिक्त बळ म्हणजे आवश्यकतेपेक्षा जास्त जोर लावून प्रतिस्पर्ध्याची सुरक्षितता धोक्यात घातली. किक आणि लाल कार्ड. सदरा वा हात धरून ठेवणे, चावणे, थुंकणे यांना मात्र ही अट नाही. तेथे कृती झाली की अपराध झाला. त्या मुलाचा सदरा धरला गेला होता. बळ किती होते हे आम्ही तोलत बसण्याचे कारणच नव्हते.

हाताला चेंडू लागणे हे प्रकरण सर्वांत गैरसमजाचे. प्रेक्षकांच्या मते हाताला लागला की हँडबॉल. नियम तसे म्हणत नाही. हात वा बाहू चेंडूकडे नेऊन मुद्दाम स्पर्श केला, किंवा हात अशा ठिकाणी ठेवला की शरीराचा आकार अस्वाभाविकपणे मोठा झाला, तर अपराध. ज्याच्या हाताला चेंडू लागला त्याने तेथूनच किंवा लगेच गोल केला, तर हेतू नसला तरी अपराध. एरवी नाही. बाहू कोठून सुरू होतो, हेही सांगितले आहे: काखेच्या तळाच्या पातळीपासून खाली; खांदा त्यात येत नाही. स्वतःच्याच मांडीवरून उसळून अंगालगतच्या हाताला लागलेला चेंडू तेव्हाच्या नियमानेही अपराध नव्हता आणि आजच्याही नाही.

कोठे घडले, हा प्रश्न दिसावयास सोपा आहे. फक्कीच्या रेषा आखताना आम्ही मुलांना स्वतः फीत धरावयास लावतो ती यासाठीच. पेनल्टी क्षेत्र गोलरेषेपासून मैदानात १६.५ मीटर येते आणि त्याच्या सीमारेषा क्षेत्राचाच भाग असतात. रेषेवरचा अपराध म्हणजे आतला अपराध. पेनल्टीची खूण गोलरेषेपासून ११ मीटरवर. क्षेत्राबाहेर काढलेला अर्धवर्तुळाकार कंस मात्र क्षेत्राचा भाग नव्हे. खुणेपासून ९.१५ मीटर अंतर दाखविणे एवढेच त्याचे काम, आणि तो नियमात १९३७ साली आला. कंसात पाडले तर पेनल्टी मागणारे वडीलधारे आम्ही पाहिले आहेत. दुसरे असे की, पाय बाहेर घातला गेला आणि खेळाडू आत जाऊन पडला, तर स्थान पायाचे धरावयाचे, पडण्याचे नव्हे. याउलट सदरा बाहेर धरला आणि आत येईपर्यंत सोडला नाही, तर पेनल्टी. कारण धरणे ही चालू राहणारी कृती आहे.

खेळ पुन्हा कसा सुरू होईल, येथे थेट आणि अप्रत्यक्ष फ्री किकचा भेद येतो. थेट किकवर सरळ प्रतिस्पर्ध्याच्या गोलात चेंडू मारता येतो. अप्रत्यक्ष किकवर तो आधी दुसऱ्या कोणत्याही खेळाडूला लागावा लागतो. न लागता सरळ गोलात गेला तर गोल नाही, गोलकिक. म्हणूनच अप्रत्यक्ष किक देताना पंचाने हात डोक्यावर उंच धरावयाचा आणि चेंडू दुसऱ्याला लागेपर्यंत किंवा खेळाबाहेर जाईपर्यंत तसाच ठेवावयाचा. आमचे बालपंच हात वर करतात आणि किक झाली की लगेच खाली आणतात. त्या अर्ध्या सेकंदाने गोल खरा की खोटा हे ठरते, म्हणून हे त्यांच्याकडून पुनःपुन्हा करवून घ्यावे लागते. धोकादायक खेळ, अंगाला स्पर्श न करता वाट अडविणे, पंचाशी हुज्जत घालणे, सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेणे, हे अप्रत्यक्ष किकचे अपराध. ते पेनल्टी क्षेत्रात घडले तरी पेनल्टी होत नाही. गोलाच्या पुढ्यातील ५.५ मीटरच्या लहान क्षेत्रात आक्रमक संघाला अशी किक मिळाली, तर ती गोलरेषेला समांतर असलेल्या त्या क्षेत्राच्या रेषेवर आणून घ्यावयाची.

कोणतीही फ्री किक घेताना प्रतिस्पर्धी ९.१५ मीटर दूर हवेत. परंतु अंतर मोजून देईपर्यंत थांबणे हा किक मिळालेल्या संघाचा हक्क आहे, सक्ती नव्हे. त्याला झटपट किक घ्यावयाची असेल तर घेऊ द्यावी, आणि मग जवळच असलेल्या प्रतिस्पर्ध्याने चेंडू अडविला तर खेळ चालू ठेवावा. मात्र किक घेऊच नये म्हणून कोणी मुद्दाम समोर उभा राहिला तर त्याला पिवळे कार्ड. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच थांबवून ठेवणारा दंड हा दंड नव्हे, ही येथील दृष्टी आहे. लाभाच्या नियमातही तीच आहे. अपराधानंतर ज्याच्यावर तो झाला त्याच्या संघाचा फायदा चालू राहत असेल तर शिट्टी वाजवू नये. दोन-तीन सेकंदांत तो फायदा मिळालाच नाही, तर मागे येऊन मूळ किक द्यावी.

पेनल्टी किकचा चौदावा नियम पुन्हा इतिहासाकडे नेतो. १८९१ साली किक १२ यार्डांच्या रेषेवरून कोठूनही घेता येई आणि गोलरक्षकाला सहा यार्ड पुढे येण्याची मुभा होती. आजची खूण व चौकोनी क्षेत्र १९०२ साली आले. १९०५ पासून गोलरक्षकाला रेषेवरच राहावे लागले, १९२९ पासून त्याने पायही हलवावयाचे नाहीत असे ठरले, १९९७ मध्ये रेषेवरून बाजूला सरकण्याची परवानगी मिळाली आणि २०१९ पासून किक मारली जात असताना त्याच्या एका पायाचा काही भाग तरी रेषेवर किंवा रेषेच्या सरळीत असला म्हणजे पुरे झाले. सव्वाशे वर्षे नियमकर्ते एकाच माणसाच्या दोन पायांबद्दल वाद घालीत आहेत, हे पाहून हसू येते. पण तो वाद दंडाचे वजन किती असावे याचा आहे.

किक देण्यापूर्वी पंचाने मारणारा कोण हे निश्चित करावे, चेंडू खुणेवर ठेवून घ्यावा, आणि बाकी सारे खेळाडू क्षेत्राबाहेर, चेंडूच्या मागे आणि ९.१५ मीटर दूर आहेत हे पाहावे. मगच शिट्टी. धावत येताना हुलकावणी दिली तर चालते. धाव संपल्यावर, मारतो असे दाखवून थांबणे हा अपराध. तेथे चेंडू गोलात गेला तरी गोल नाही, बचाव संघाला अप्रत्यक्ष किक आणि मारणाऱ्याला पिवळे कार्ड.

गोलरक्षक आधीच पुढे आला तर काय, हे मुलांना सर्वांत कठीण जाते. गोल झाला असेल तर गोलच धरावा. त्याने चेंडू अडविला असेल तर किक पुन्हा. सामन्यात पहिल्यांदा ताकीद, त्यानंतर पिवळे कार्ड. परंतु चेंडू खांबाला लागून परत आला किंवा बाहेर गेला असेल तर, गोलरक्षकाच्या पुढे येण्याचा मारणाऱ्यावर उघड परिणाम झाला असेल तरच किक पुन्हा घ्यावयाची. इतर खेळाडू आधी आत घुसले तरी आता दृष्टी तीच आहे. ज्याच्या घुसण्याने काही बिघडले नाही त्याला सोडून द्यावे. ज्याने त्या जोरावर गोलरक्षकाला वा मारणाऱ्याला विचलित केले किंवा परत आलेला चेंडू खेळून फायदा घेतला, त्याच्या विरुद्ध निर्णय द्यावा.

नियम सुधारत राहतात याचे ताजे उदाहरण आहे. मार्च २०२५ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात अॅटलेटिको माद्रिदच्या हुलियन अल्वारेझचा पाय घसरला आणि शूटआउटमधील त्याच्या किकच्या वेळी चेंडू त्याच्या दोन्ही पायांना लागला. गोल रद्द झाला, कारण मारणाऱ्याने दुसऱ्या कोणाला लागण्यापूर्वी चेंडूला पुन्हा स्पर्श करावयाचा नाही. पण घसरणे आणि लबाडी एकाच मापाने मोजावी काय? नियम मंडळाने त्याच वर्षी खुलासा केला: असा दुहेरी स्पर्श अनवधानाने होऊन गोल झाला तर किक पुन्हा घ्यावी.

शेवटचा प्रश्न वैयक्तिक शिक्षेचा. किक संघाला मिळते, कार्ड माणसाला, आणि एक दुसऱ्याच्या बदल्यात देता येत नाही. पेनल्टी दिली, आता कार्ड कशाला, किंवा कार्ड दिले म्हणून पेनल्टी राहू द्या, अशा तडजोडी पंचाने करू नयेत. तरी नियमकर्त्यांनी स्वतःच एका ठिकाणी दोहोंचा मेळ घातला आहे. पूर्वी गोलाची उघड संधी अपराध करून हिरावली की पेनल्टी आणि लाल कार्ड, शिवाय पुढच्या सामन्याला मुकणे. एका चुकीला तीन शिक्षा. २०१६ पासून पेनल्टी क्षेत्रात बचावपटू चेंडू खेळण्याचा खरा प्रयत्न करीत असताना असे झाले तर पेनल्टी आणि पिवळे कार्ड. ओढणे, धरणे, ढकलणे, मुद्दाम हात लावणे यांना लालच. पेनल्टीने संधी परत दिली जाते. चेंडूशी संबंधच नसलेल्या कृतीला त्या सवलतीचा आधार नाही.

संधी परत दिली म्हणजे न्याय पुरा झाला काय, हा प्रश्न २ जुलै २०१० रोजी जोहान्सबर्ग येथे जगापुढे आला. विश्वचषकाच्या उपान्त्यपूर्व सामन्यात उरुग्वे आणि घाना १-१ असे बरोबरीत होते. जादा वेळेचे शेवटचे क्षण चालू होते. घानाच्या अदियाहने डोक्याने मारलेला चेंडू गोलात जात असताना सुआरेझने गोलरेषेवर तो दोन्ही हातांनी अडविला. पंचाने लाल कार्ड दाखविले, पेनल्टी दिली. नियमाची एकही मात्रा चुकली नाही. घानाच्या ग्यानची किक क्रॉसबारवर आपटली आणि पुढे शूटआउटमध्ये उरुग्वे ४-२ ने जिंकला. वर्गात हा प्रसंग सांगितला की मुले दोन गटांत विभागतात. हाताने अडविलेला गोल पंचाने देऊन टाकावा, असे एका गटाचे मत. आम्ही त्यांना विचारतो, की गोल झालाच असता, हे मैदानावर दरवेळी कोण आणि कशावरून ठरविणार? सुआरेझच्या वेळी ते सर्वांना दिसले. पण नियम एका प्रसंगासाठी नसतो. पंच आपल्या समाधानासाठी पुस्तकाबाहेरचा दंड देऊ लागला, की तो उद्या कोणाला पाहून देईल याचा भरवसा उरत नाही. एकाच अपराधाला माणसाचा जन्म पाहून वेगवेगळा दंड सांगणारी शास्त्रे ज्या देशात होऊन गेली, तेथल्या मुलांना हे फार समजावून द्यावे लागत नाही.

दंड फार जड वा अडचणीचा असला की पंचच तो टाळतात, हेही इतिहासाने दाखविले आहे. गोलरक्षकाने चेंडू हातात सहा सेकंदांहून जास्त धरला तर अप्रत्यक्ष किक, असा नियम होता. गोलापासून काही मीटरवर अशी किक दिली तर सगळा बचाव रेषेवर गोळा होणार, गोंधळ माजणार. म्हणून पंच सेकंद मोजीतच नसत. २०२५ पासून मर्यादा आठ सेकंदांची आणि दंड कॉर्नर किकचा झाला. शेवटचे पाच सेकंद पंचाने हात वर करून बोटांनी दाखवावयाचे. दंड हलका झाला आणि अंमलात येऊ लागला. आमच्या मैदानावर तर हे बोटे दाखविणे सर्वांत लोकप्रिय झाले आहे.

गेल्या हिवाळ्यातील गटसामन्याचा एक प्रसंग येथे नोंदवितो. पंच दहावीचा विद्यार्थी होता. चेंडू डाव्या बाजूला, आणि उजवीकडे पेनल्टी क्षेत्रात एका लहानखुऱ्या मुलाला मागून ओढून पाडले गेले. कोणी दाद मागितली नाही. शिट्टी वाजली आणि पंचाने खुणेकडे हात केला. दोन्ही बाजूंचे खेळाडू त्याच्याभोवती जमले, बॉल कुठं आणि पेनल्टी कुठं, असा आरडाओरडा झाला. आमच्याकडेही काही मुले धावत आली. आम्ही बाकावरून उठलो नाही. त्याने जमाव मागे सारला, मारणारा विचारून घेतला, चेंडू खुणेवर ठेवविला. किक उंच गेली, क्रॉसबारवरून पलीकडे वाटाण्याच्या शेतात. गोलरक्षक पाऊलभर पुढे आला होता, किक पुन्हा द्या, असा आता दुसरा गिल्ला सुरू झाला. मारणाऱ्याची नजर सबंध वेळ चेंडूवर होती, हे पंचाने पाहिले होते. त्याने हात लहान क्षेत्राकडे केला : गोलकिक.